हातोडी

तबल्याआधी घरात हातोडी आली. वीतभर लांब, पितळी डोक्याची, शिसवी दांड्याची. मी नऊ वर्षांचा होतो. मिरजेतले माझे गुरुजी म्हणायचे, "आधी लावायला शीक, मग वाजवायला." गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या पुडीच्या विणलेल्या काठावर, वरून ठोकलं की सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो; फरक मोठा असेल तर वादीखालचे लाकडी गठ्ठे सरकवायचे. गजऱ्याची सोळाही घरं एका सुरात बोलेपर्यंत गुरुजी पुढचा बोल देत नसत.

त्या हातोडीच्या जोरावर पंचवीस वर्षं भजनं, नाट्यगीतं, गणपतीतले कार्यक्रम केले. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीने सगळं थांबलं. घरात दोन मुलं होती. पुढच्या वर्षी मी आयटीआयमध्ये फिटरच्या दोन वर्षांच्या कोर्सला बसलो. सोबतची पोरं मला काका म्हणायची.

पहिले कित्येक महिने नुसती कानस चालवली. लोखंडाचा तुकडा घासायचा, गुण्या लावून उजेडाकडे धरायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा. तबलजीचे हात, फोडांनी भरले. रियाजाची सवय होती म्हणून टिकलो, असं मी आजही मानतो.

मग एके दिवशी सरांनी ग्राइंडरचं नवं चाक बोटावर अडकवून धरलं आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच वाजवलं. मिनिटाला २८०० फेरे घेणारं चाक. आत बारीक तडा असेल तर फिरताना फुटून तुकडे अंगावर येतात. तो तडा डोळ्यांना दिसत नाही. चांगलं चाक खणखणीत वाजतं, तडकलेलं बद्द. बाजारात मडकं वाजवून घेतो, तसंच. चाक कोरडं हवं, वाजवायचं मधल्या उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, मग फिरवून पुन्हा. सर दाखवत होते आणि मला सोळा घरं दिसत होती. दुसरं चाक वाजलं तेव्हा कुणी काही बोलायच्या आत मी म्हणालो, "सर, हे नको."

"कला सोडलीस?" असं नातेवाईक हळहळून विचारतात. मला ते पटत नाही. गुरुजींनी दिलेला कान मी कुठेही ठेवून आलेलो नाही.

आता कुपवाडच्या कारखान्यात ग्राइंडरशेजारच्या खणात ती हातोडी असते. नवं चाक आलं की मी ती उलटी धरतो आणि शिसवी दांड्याने वाजवून बघतो. त्याशिवाय आमच्याकडे चाक चढत नाही.