पश्चिमेला उगवणारा सूर्य

आमच्या अंबरनाथ पश्चिमेला सूर्य उगवायचा आणि पूर्वेला मावळायचा. हे अगदी खरं आहे, नकाशा काढून पाहा. कल्याण सोडलं की कर्जतची लाइन आग्नेयेकडे वळते, पण डाव्या हाताला वेस्ट आणि उजव्या हाताला ईस्ट हा मुंबईपासून चालत आलेला हिशेब मात्र तसाच राहतो. त्यामुळे आमचं पश्चिम पडतं स्टेशनच्या ईशान्येला, आणि शिवमंदिराची 'पूर्व' नैर्ऋत्येला. तिथे मी चोवीस वर्षं राहिले. त्यातली किती वर्षं डोळे घड्याळावर ठेवून लोकल पकडली, पण हे कधी लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते इथे स्टॉकहोममध्ये, चाळिशी उलटल्यावर आणि पायी फिरायला लागल्यावर.

पहिली दोन वर्षं मी हे शहर भुयारातूनच पाहिलं. घरून उतरायचं, मेट्रोत बसायचं, ऑफिसखाली वर यायचं. लोकलने वाढलेल्या माणसाला शहर म्हणजे स्टेशनांची यादी. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर: मधे काय आहे ते कोणी पाहिलंय! इथेही मी तीच यादी पाठ केली, नावं तेवढी बदलली. डिसेंबरमध्ये इथे पावणेनऊच्या सुमारास सूर्य उगवतो आणि तीनच्या आत मावळतो. मी अंधारात निघत होते आणि अंधारात परतत होते. दुसऱ्या हिवाळ्यात मन इतकं खचलं की परतीची तिकिटं बघायला लागले. तेव्हा ऑफिसातल्या एका बाईंनी जेवणाच्या सुट्टीत मला कोट घालायला लावला आणि बाहेर नेलं. अर्धा तास चाललो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दुपारी उजेड आहे तेवढ्यात चालून घ्यायची ही इथली सवय आहे, तिला नावही आहे, 'लुंचप्रोमेनाद'.

चालणंसुद्धा नव्याने शिकावं लागलं. बर्फ गोठून काच झाली की बुटांना खिळ्यांचे पट्टे चढवायचे, त्यांना ब्रोडार म्हणतात. पालिका पायवाटांवर बारीक खडी टाकते. सगळा हिवाळा ती बुटांखाली करकरते आणि वसंतात झाडून नेली की पाय कसे मोकळे वाटतात. हे शहर चौदा बेटांवर वसलंय, म्हणून दर थोड्या वेळाने एक पूल येतो. गामला स्तान ते स्लुसेन हे मेट्रोचं एक अख्खं स्टेशन, पायी जेमतेम आठ-दहा मिनिटांचं. ते कळलं त्या दिवशी मला लहान मुलीसारखा आनंद झाला होता. यादीतल्या दोन नावांमध्ये रस्ता निघाला होता!

एका एप्रिलमध्ये कुंग्सट्रेडगोर्डनमधली चेरीची झाडं बघायला गेले आणि गर्दी टाळायला शेजारच्या गल्लीत वळले. वेस्त्रा ट्रेडगोर्ड्सगातान. 'वेस्त्रा' म्हणजे पश्चिमेची. तिथे १५ नंबरला अर्धगोल अंगण असलेली एक देखणी इमारत आहे, मधे कार्ल मिलेसने घडवलेलं डायनाचं कारंजं. पाटी वाचली: टेंडस्टिक्सपालात्सेत. काडेपेटी महाल.

मी बराच वेळ तिथेच उभी होते. १९२८ मध्ये बांधून झालेल्या या घरातून ईवार क्रूगर जगभरचा काडेपेट्यांचा धंदा चालवत होता, सरकारांना कर्ज देऊन बदल्यात मक्ते घेत होता. हिंदुस्थान सरकारने १९२२ मध्ये आयात काडेपेट्यांवर जबर जकात बसवली, तेव्हा याच स्वीडिश कंपनीने आपल्याकडेच कारखाने काढायचं ठरवलं. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी. विम्को! आमच्या विम्को नाक्याचं नाव या गल्लीतून आलेलं होतं. बाबांनी तिथल्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली. ज्याच्या तालावर आमच्या घरी कुकर चढायचा आणि डबा भरला जायचा, त्या भोंग्याचं मूळ मी राहते त्या शहरात होतं, आणि मी दोन वर्षं त्याच्या खालून मेट्रोने जात होते. क्रूगर १९३२ च्या मार्चमध्ये पॅरिसमध्ये मृतावस्थेत सापडला आणि त्याचं साम्राज्य कोसळलं. अंबरनाथचा कारखाना मात्र पुढे कित्येक वर्षं चालू होता, आमच्यासारखी कितीतरी घरं चालवत.

पुढच्या जूनमध्ये बाबा आले. इथे जूनमध्ये साडेतीनलाच सूर्य उगवतो, तोही पार ईशान्येकडून. बाबा चारला उठून फिरून यायचे. एका सकाळी चहा घेताना मी त्यांना नकाशा दाखवला, म्हटलं, "बाबा, आपलं पश्चिम खरं तर ईशान्येला आहे."

"अगं, ते मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे. तेव्हा मी पूर्वेला खोली करून राहायचो. सकाळच्या पाळीला पूल उतरलो की ऊन थेट डोळ्यांवर. टोपी पुढे ओढून चालायचो."

"मग कधी सांगितलं नाहीत?"

"कधी सांगणार? तू रिक्षाने स्टेशन गाठायचीस."

त्या दिवशी आम्ही दुकानात गेलो आणि बाबांनी काडेपेटी मागितली. सोलस्टिकान, म्हणजे सूर्यकाडी. १९३६ पासून ती विकली जाते आणि विक्रीतला काही पैसा मुलांच्या व वृद्धांच्या मदतीला जातो. पेटीवर एक उघडं बाळ हात हलवत सूर्याच्या किरणांमधून चाललंय. बाबांनी चित्राकडे नंतर पाहिलं. आधी कड अंगठ्याने दाबली, खण बाहेर ओढून पुन्हा आत ढकलला, बाजूची तपकिरी पट्टी नखाने हलकेच खरवडली आणि वास घेतला. "पट्टी चांगलीय," म्हणाले. सगळं शहाणपण त्या पट्टीत आहे. गुस्ताव एरिक पाश या स्वीडिश संशोधकाने १८४४ मध्ये फॉस्फरस काडीवरून काढून पेटीच्या अंगावर नेला, तोही विषारी पांढरा नव्हे तर तांबडा, आणि यंशपिंगच्या लुंडस्ट्रम बंधूंनी तशा काड्यांचा कारखाना चालवला. त्याआधी पांढऱ्या फॉस्फरसने कामगारांचे जबडे कुजत. हे बाबांनी मला भर दुकानात उभ्याने सांगितलं. इतकं सलग बोलताना मी त्यांना घरी कधी ऐकलं नव्हतं. विमानात काड्या नकोत, म्हणून जाताना ते रिकामी पेटी घेऊन गेले. आता ती देवघराच्या फळीवर विम्कोच्या जहाज छाप पेटीशेजारी आहे.

गेल्या हिवाळ्यात मी अंबरनाथला गेले तेव्हा आम्ही दोघं पश्चिमेकडच्या घरून पूल ओलांडून शिवमंदिरापर्यंत पायी गेलो. वाटेत चौघांनी विचारलं, कुठे निघालात? "असंच" हे उत्तर कोणाला पटलं नाही. मंदिरातल्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इ.स. १०६०. खोपोलीकडे जाणारी रेल्वे इथून गेली ती १८५६ मध्ये. म्हणजे जवळजवळ आठशे वर्षं या गावाला आमचं पूर्व-पश्चिम नव्हतंच. होती ती वालधुनी, जिच्या काठी शिलाहारांच्या कारागिरांनी दगड रचले. गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरून वर पाहिलं की आभाळ दिसतं, ते आम्ही पाहिलं. नंतर नदीपाशी उभे राहिलो, तर नाकाला पदर लावावा लागला. स्टॉकहोममध्ये राजवाड्यासमोरच्या पाण्यात लोक गळ टाकून सॅमन धरतात. तेही पाणी एकेकाळी घाण होतं, माणसांनी साफ केलं. वालधुनीच्या काठाने माणसं रोज चालत असती तर तिची ही अवस्था आपण होऊ दिली असती असं मला वाटत नाही.

अंबरनाथला उतरलात तर लगेच रिक्षा करू नका. जिना चढून पुलावर जा, सकाळ असेल तर उत्तम. फोनमधलं होकायंत्र काढा आणि पश्चिमेच्या पायऱ्या उतरायला लागा. तुमचं तोंड ईशान्येला असेल.