उपकार कोणाचे

संपादकभाऊ,

तुम्ही म्हणाले, 'ताई, या खेपेला कविता नको, घराबद्दल लिहा. आई म्हणून रोजचं जगणं, श्रद्धा, कृतज्ञता.' मी हो म्हटलं खरं, पण कृतज्ञता हा शब्द आमच्या गल्लीत कोणी वापरत नाही. आमच्याकडे त्याला उपकार म्हणतात. आणि उपकार म्हटलं की मला पहिल्यांदा ठेकेदार आठवतो, मग देव, मग नवरा. ज्यांचे खरोखर आहेत ते शेवटी आठवतात, कारण त्यांनी कधी मागितलेले नसतात. कागद वजनाच्या पावत्यांचे आहेत, पाठकोरे. अक्षर सांभाळून घ्या.

मी वाशिममधल्या एका डाळ मिलमध्ये आहे, सहा वर्षं झाली. शाळा सातवीत सुटली. आमचा जिल्हा सोयाबीनचा नि तुरीचा. डिसेंबर सरता सरता नवी तूर यायला लागते आणि मिल रात्रंदिवस धावते. तूर चाळणीवर जाते, रोलरवर घासली जाते, तेल-पाणी लावून ढीग घालतात, मग उन्हात पसरतात. पसरलेली तूर पायानं फिरवायचं काम बायांचं. दिवसभर त्या दाण्यांतून चाललं की तळपाय भाजल्यासारखे होतात, नि गर्दा नाकात बसतो तो दोन दिवस निघत नाही. जुन्या बाया सांगतात, पूर्वी खडा नि काळा दाणा निवडायला बायांची रांगच बसायची. आता सॉर्टेक्स मशीन आलं. रंग पाहतं, काळा दाणा दिसला की हवेची फुंकर मारून बाहेर फेकतं. ते मशीन पाहिलं की मला माझं गाव आठवतं. असो. आम्ही नऊ जणी उरलो.

२०२४ च्या डिसेंबरात माझी पोरगी तीन वर्षांची होती. वर्ष संपताना तिला सर्दी-ताप आला. एकतीस तारखेला नवरा पोरांची गाडी घेऊन भीमा कोरेगावला निघाला. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या विजयस्तंभाला गेले, तेव्हापासूनची ती वाट. ताप साधा होता. मीच म्हटलं, जा. याबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच लिहून ठेवते, नाही तर वाचणारे भाऊ पुढचं वाचायचे नाहीत.

त्याच रात्री पोरीच्या बरगड्या आत ओढायला लागल्या. श्वास घेताना कुईं कुईं आवाज. १०८ ला फोन केला, गाडी आली, सरकारी दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया. नाकाला नळी लावली. वार्ड भरलेला, एका खाटेवर दोन लेकरं. डॉक्टर पोरसवदा होता, सगळीकडं धावत होता, कोणाजवळ थांबून बोलायला त्याला वेळच नव्हता. नवऱ्याचा फोन लागेना. तिथं एवढी माणसं, कुठून लागेल! चार रात्री मी आणि सासू. सासूला मी मायच म्हणते. ती पोरीच्या पायथ्याशी फरशीवर बसायची, मी उशाशी. वार्डातली एक आया होती, वयस्क. तिची पाळी संपली तरी ती घरी जाईना. पोरीचे तळपाय गार पडले की आपल्या हातानं घासायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या रात्री पाहिलं तर माय खिडकीकडं तोंड करून हात जोडून पुटपुटत होती. मी काही विचारलं नाही. मला समजलं होतं.

इथं थोडं मागचं सांगावं लागेल. मायच्या बापानं १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतली. गाव रिसोड तालुक्यातलं. परत आला तो घरातले सगळे देव टोपल्यात भरून पैनगंगेत सोडून आला. माय हे अभिमानानं सांगते, जसं काही ती स्वतः टोपलं धरून होती. तिचा जन्म तर नंतरचा. घरातले देव गेले. पण मरीमाय घरात नव्हतीच, ती गावाच्या शिवेवर होती. तिला कोण उचलणार? पटकी आली की तिच्याजवळ जायचं, लेकरू फणफणलं की तिच्याजवळ जायचं. दवाखाना नव्हता तेव्हा तीच होती. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या तशा वाड्या-वस्तीला दवाखानेही मिळाले असते, तर शिवेवरची मरीमाय आपोआपच गेली असती, असं मला वाटतं. कोणाला पटो न पटो.

चौथ्या दिवशी ताप उतरला. पोरीनं बिस्किट मागितलं. मी मिलमध्ये गेले तर ठेकेदार म्हणाला, 'सीझनमधे पाच खाडे! दुसरी ठेवली असती मी. उपकार मान.' मी खाली पाहून तूर फिरवायला लागले. खाड्यांची हजेरी तर गेलीच होती. पण माझ्या जागेवर नवी बाई आली नाही त्याचं कारण ठेकेदार नव्हताच. माझ्या आठ मैत्रिणींनी माझ्या वाट्याचं वाळवण आपसात वाटून घेतलं होतं, त्याला कमी दिसूच दिलं नव्हतं. त्यातल्या दोघी बंजारा, एक मातंग, एक मुसलमान. कोणी मला सांगितलंही नाही. गर्द्यानं डोळे लाल झालेले पाहून मला कळलं.

नवरा आला तेव्हा पोरगी घरी आली होती. आधी त्यानं तिला पोटाशी धरलं, रडला. मग मायनं नवसाचं बोलून टाकलं. मरीमायला साडी-चोळी कबूल केली होती. झालं. तो भडकला. 'बावीस प्रतिज्ञा विसरली का? मी तिकडं समाजाले सांगू राह्यलो आन् माझ्याच घरात हे?' माय भांडी लावत होती. हातातलं ताट ठेवलं नि म्हणाली:

'तू नोता. डाक्टर काई सांगत नोता. हे पोरगी नुसती रडू राह्यली होती. मले कोनासंग तरी बोला लागत होतं का नाई? मंग मी तिच्यासंग बोलली.'

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं, त्याच्याजवळही नव्हतं. भावांनो, आपण अंधश्रद्धेवर पुष्कळ बोलतो, बोललंच पाहिजे. पण रात्रीच्या दोन वाजता आजारी लेकराच्या पायथ्याशी बसलेल्या बाईसंग बोलायला आपल्यातला कोण असतो, तेही कधी मोजा.

साडीचा प्रश्न राहिलाच. मी मायला म्हटलं, मी नेणार नाही, तुला अडवणारही नाही. आठ दिवस तिनं काही केलं नाही. मग एक दिवस साडी-चोळी पिशवीत घालून दवाखान्यात गेली आणि त्या आयेच्या ओटीत घालून आली. घरी येऊन म्हणे, 'लेकराचे तळपाय रातभर कोनं घासले? मरीमाय आल्ती का वार्डात? आल्ती तं हेच आल्ती.'

शेवटचं वाक्य बावीस प्रतिज्ञांत बसतं की नाही, मला सांगता येत नाही. मी ते आहे तसं लिहिलं.

नवऱ्याला मात्र ते फार आवडलं. ७ फेब्रुवारीला विहारात रमाई जयंती होती. त्यानं भाषणात सांगितलं, माझ्या आईनं नवस मोडला, धम्माचा विजय झाला. 'आल्ती तं हेच आल्ती' एवढं गाळलं. टाळ्या पडल्या. माय त्या वेळी विहाराच्या मागं खिचडीचं गंज घासत होती. मी तिच्यासोबत होते, राख माझ्या हातात होती. टाळ्या ऐकून माय म्हणाली, 'कोन आलं वं?'

त्या दिवशी प्रत्येक वक्ता रमाईला त्यागमूर्ती म्हणाला. हा शब्द मला चावतो. चार लेकरं डोळ्यांदेखत गेली, ती काय तिनं त्यागली? उपास काय तिनं निवडला? गरिबी होती, औषधाला पैसा नव्हता. त्याला त्याग म्हटलं की ऐकणाऱ्याची जबाबदारी संपते, नि घरी गेल्यावर आपल्या बायकोकडूनही तोच मागायला तो मोकळा. बाबासाहेबांनी तसं केलं नाही. रमाई २७ मे १९३५ ला गेल्या. १९४० साली पाकिस्तानवरचा त्यांचा ग्रंथ निघाला, तो त्यांनी 'रामू'ला अर्पण केला. अर्पणपत्रिकेत नुसतं मोठेपण गायलेलं नाही. मित्र नसलेल्या, ओढगस्तीच्या दिवसांत तिनं आपल्यासोबत काय सोसलं, ते स्पष्ट लिहिलं. एवढा मोठा राजकारणाचा ग्रंथ, आणि दारातच बायकोचा हिशेब. मला हे वाचून त्यांच्या फोटोला हार घालण्यापेक्षा जास्त काही झालं.

आमच्या वाशिमचाही एक जुना दाखला आहे. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव, त्यानं पाचव्या शतकात अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं भिक्खूंसाठी कोरवून घेतलं, आई-बापांना उद्देशून. तसं तिथल्या भिंतीवरच्या लेखात आहे. विहारातल्या पुस्तकात हे वाचलं तेव्हा मला आनंद झाला, आपल्या गावच्या माणसानं आईसाठी डोंगर कोरवला म्हणून. मग दुसरा विचार आला. छिन्नी मारणारे कोण होते? त्यांच्या आयांसाठी कुठं काय कोरलं? मंत्र्याला डोंगर परवडतो. हमालाचं काय?

जयंतीच्या रात्री मी नवऱ्याला एवढंच म्हटलं, 'तुमच्या मायले टाया पडल्या, त्या तिले घरी आनून देल्या का?' तो गप्प झाला. माणूस वाईट नाही. दिवसभर अडतीत कट्टे उचलतो, पाठ सोललेली असते. मी म्हटलं, आपण महामंगल सुत्त म्हणतो. त्यात आई-बापाची सेवा आहे, कृतज्ञता आहे, तशी बायको-लेकरांचा सांभाळ हीपण आहे. ते कडवं आलं की तुम्हा लोकांचा आवाज बसतो का? यावर तो हसला. मग सकाळचं पीठ तो मळायला लागला. भाकरी त्याला येत नाही, पण पीठ मळून, पाणी भरून देतो. माझी सकाळची अर्धी घाई गेली. माय तेवढ्या वेळ दार लोटून घेते, शेजारीण पाहील म्हणून. तिच्या मनातून हे अजून गेलेलं नाही. मीही ओढून काढत नाही.

आता ठेकेदाराकडं येते. पोरगी पोटात होती तेव्हा मी आठव्या महिन्यापर्यंत तूर फिरवली आणि बाळंतपणानंतर दोन महिन्यांत परत उभी राहिले. रजा मागितली तर तोच शब्द: 'परत घेतलं, उपकार मान.' त्या वेळी मला माहीत नव्हतं, नंतर वाचलं. १९२८ च्या जुलैत मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं होतं. बाबासाहेब त्याच्या बाजूनं उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं, की आईला विसावा मिळण्यात सगळ्या देशाचं हित आहे, म्हणून सरकारनं भार घ्यावा. पण मालक बाईला कामावर ठेवतो ते आपल्या फायद्यासाठी, तर त्यानंही काही भार उचलावा. म्हणजे उपकाराचा प्रश्नच नाही, हिशेबाचा आहे. १९२९ ला मुंबई प्रांतात कायदा झाला. १९४२ ते ४६ ते व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खातं पाहत होते, तेव्हा खाणीतल्या बायांच्या बाळंतपणाचा कायदाही त्यांनी सुधारून घेतला. १९६१ ला देशभराचा कायदा आला, २०१७ ला बारा आठवड्यांची रजा सव्वीस आठवड्यांची झाली. २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यातही सव्वीस आठवडेच आहेत. आठवडे वाढले. माझ्या हजेरीच्या वहीत मात्र माझं नावच सलग नसतं. ठेकेदार मधून मधून पान बदलतो.

पाळणाघराचंही तसंच. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात तीसच्या वर बाया असल्या तर पाळणाघर, असं होतं. आता पन्नास कामगारांचा आकडा आहे. आम्ही नऊ. नऊ बायांच्या मिळून सात लेकरं अशी आहेत, की ज्यांना घरी ठेवायला म्हातारी नाही किंवा आहे ती खाटेवर आहे. ती बारदान्याच्या ढिगाजवळ खेळतात, तिथून कट्ट्यांची गाडी वळते.

या सीझनला आम्ही ठरवलं. मिलच्या मागं एकीचं घर आहे. रोज एक जण तिथं राहील, सातही लेकरं सांभाळील. बाकी आठ जणी तिच्या वाट्याचं वाळवण ओढतील आणि हप्त्याला हजेरीच्या पैशातून तिचा दिवस भरून देतील. पहिल्या आठवड्यात भांडण झालं, ज्यांना लेकरं नाहीत त्यांनी का द्यावं म्हणून. ते अजून मिटलेलं नाही. ठेकेदाराला नऊऐवजी आठ दिसतात, तो रोज विचारतो. आम्ही रोज नवं कारण सांगतो. तो हे पान वाचणार नाही. वाचलंच तर बरं, समोरासमोर बोलता येईल. माय म्हणाली, मीही येतो एक दिवस, घरी बसून काय करू. तिला आम्ही बुधवार दिला.

सोमवार माझा आहे.