पायथ्याची खोली

परक्या गावात रात्रीपुरती खोली शोधणे हे काम आपण उगाचच क्षुल्लक मानतो. काय पाहायचे, काय खायचे, कुणासाठी काय आणायचे, याच्या याद्या घरून निघण्याआधी महिनाभर तयार होत असतात. ज्या चार भिंतींत आपण डोळे मिटणार त्यांचा विचार मात्र गाडीतून उतरल्यावर, ओझे खांद्याला काचू लागल्यावर सुरू होतो. मला स्वतःला या कामाची पहिल्यापासून आवड आहे. खोली निवडताना आपली गरज कोणती आणि हौस कोणती, याचा हिशेब माणसाला दहा मिनिटांत करावा लागतो. एरवी हा हिशेब करायला सारे आयुष्य अपुरे पडते. शिवाय मी काटकसरी आहे. घरची मंडळी या गुणाला दुसरे एक नाव देतात, पण ते असो.

या काटकसरीची खरी परीक्षा झाली ती टांझानियातल्या मोशी या गावी. माझी मुलगी किलिमांजारो चढणार होती. माझे गुडघे त्या बेतात सामील व्हायला तयार नव्हते. तेव्हा तिने वर जायचे आणि मी खाली वाट पाहायची, अशी वाटणी झाली. म्हणजे तिला मोशीत दोनच रात्रींपुरती खोली हवी होती, एक जाण्याआधीची आणि एक आल्यानंतरची. मला मात्र मधला सारा आठवडा तिथेच काढायचा होता. खोलीकडे इतक्या बारकाईने पाहण्याची फुरसत मला त्यामुळेच मिळाली.

मोशी हे किलिमांजारोच्या दक्षिण पायथ्याचे गाव. समुद्रसपाटीपासून ते हजार मीटरसुद्धा उंच नाही, आणि डोंगराचे शिखर आहे ५८९५ मीटरांवर. बाजारात केळ्यांची घासाघीस करीत उभे असलात, तर सुमारे पाच किलोमीटर उंचीचा डोंगर तुमच्या डोक्यावर उभा असतो. केळी आणि कॉफी पिकवणाऱ्या चागा लोकांचा हा मुलूख. हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर १८८९ साली शिखरावर पोचले, तेव्हा जर्मनांनी त्याला आपल्या कैसरचे नाव दिले. १९६१ च्या डिसेंबरात टांगानिका स्वतंत्र झाले आणि शिखर ‘उहुरू’ झाले. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य.

मराठी माणसाला या गावात फार काळ परके वाटत नाही. दुकानाला तिथे ‘दुका’ म्हणतात, पैशाला ‘पेसा’, मोटारीला ‘गारी’. चाय आणि चपाती यांना भाषांतराची गरजच नाही. तीनचाकी रिक्षाला सारे गाव ‘बजाजी’ म्हणते; आपल्या आकुर्डीचे नाव तिथल्या लाल धुळीतून फटफटत जाताना पाहून ऊर भरून येतो. एक लाखाला ‘लाकी’ म्हणतात, आणि शिलिंगाचा भाव असा की माझ्यासारखा पेन्शनरही तिथे लीलया लखपती होतो. घोटाळा होतो तो नात्यांचा. स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ, दादा म्हणजे बहीण आणि मामा म्हणजे आई! ‘खोलीचे मामाला विचारा,’ असे कुणी सांगितले की मिशा असलेल्या इसमाचा शोध घेऊ नये.

दुसरा घोटाळा पाटीचा. आपल्याकडे खेड्यातल्या हॉटेलात शिरून कुणी खोली मागत नाही. तिथे चहा आणि भजी मिळतात हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तिकडची रीतही नेमकी हीच आहे. रस्त्यावरच्या साध्या ‘होटेली’त शिरलात तर पुढ्यात उगाली येईल, गादी येणार नाही. झोपायची जागा म्हणजे ‘गेस्टी’. आणि गेस्टीच्या भाषेतला पहिला शब्द म्हणजे ‘सेल्फ कंटेन्ड’. तो ऐकून मला एकदम मुंबईची चाळ आठवली. खोलीला स्वतःची न्हाणी आणि संडास असणे याला आपल्याकडेही एके काळी हाच शब्द होता, आणि तो उच्चारताना चाळकऱ्यांच्या मनात केवढी असूया असे! मोशीतही सेल्फ कंटेन्ड खोलीला जास्त पैसे पडतात. तरुण माणसाने ते खुशाल वाचवावेत. साठीनंतर रात्री दोनदा उठावे लागते. तेव्हा ती चैन राहत नाही.

गावाचा कोणता भाग निवडावा, हा पुढचा प्रश्न. मोशीत ‘शँटी टाउन’ नावाची वस्ती आहे. नावावरून झोपडपट्टी समजून मी ती आधीच यादीतून काढली असती. पण गावातली सर्वांत हिरवी, शांत आणि बंगलेवाली वस्ती तीच. तिथली निवासस्थाने अर्थातच महाग, आणि बाजार दूर. याच्या उलट टोकाला बसस्थानकाचा परिसर. खोल्या स्वस्त, पण पहाटेपासून कर्ण्यांचे आवाज आणि दिवसभर तुमच्या मागे लागणारे दलाल. या दलालांना तिकडे इंग्रजीत ‘माशी पकडणारे’ अशा अर्थाचे नाव आहे. माशी कोण, हे सांगायला नको. मी या दोहोंच्या मधली जागा शोधू लागलो : घड्याळाच्या मनोऱ्यापासून पायी जाता येईल, पण बसचा कर्णा ऐकू येणार नाही अशी.

‘डोंगर दिसणारी खोली’ म्हणून जादा पैसे सांगतात, तेही देण्यात अर्थ नाही. हा डोंगर घरंदाज आहे. पहाटे थोडा वेळ दर्शन देतो, ढगांचा पदर ओढून दिवसभर आत बसतो आणि झालीच मर्जी तर संध्याकाळी पुन्हा डोकावतो. एवढ्यासाठी खिडकीचे भाडे कशाला भरायचे? उत्तरेकडे तोंड करून रस्त्यावर उभे राहिले की तो फुकट दिसतो. शिवाय पुष्कळशा साध्या निवासांनाही गच्ची असते.

मग पैसे द्यायचे तरी कशाचे? माझ्या मते चार गोष्टींचे. पहिली मच्छरदाणी. तिला तिकडे ‘चांदारुआ’ म्हणतात. शब्द ऐकून आपला चांदवा आठवावा. गाव सखल आणि उबदार, आणि हिवताप खराखुरा. म्हणून जाळी सोडून, दिव्यासमोर धरून भोके पाहावीत. यजमानाला राग आला तर येऊ द्यावा. दुसरी गोष्ट गरम पाणी. ‘आहे’ या उत्तरावर विसंबू नये. तोटी स्वतः सोडून हात धरावा, आणि वीज गेल्यावर काय करता, हेही विचारावे. आठवडाभर आंघोळ न केलेला माणूस शिखरावरून परत येतो, तेव्हा तो गादी मागत नाही, जेवण मागत नाही, पाणी मागतो. तिसरी गोष्ट सामान ठेवण्याची सोय. चढणारा माणूस अर्धे सामान खाली ठेवून जातो. ते कुलपात राहते की जिन्याखाली, हे पाहावे. चौथी गोष्ट शांतता. शिखराची शेवटची चढण मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होते. वर नीट झोप मिळत नाही; तेव्हा पायथ्याची शेवटची झोप शिदोरीसारखी बरोबर न्यावी लागते.

वेळेचीही नीट खातरजमा करावी. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून तास मोजते. सकाळचे सात म्हणजे ‘साआ मोजा’, पहिला तास. आठ म्हणजे दुसरा. ‘गाडी दोन वाजता येईल’ असे ऐकून दुपारपर्यंत लोळत पडणाऱ्याची गाडी सकाळी आठलाच निघून जायची. दिवस उजाडल्यापासून घटका मोजणाऱ्या आपल्या पूर्वजांना ही रीत पटकन पटली असती.

इथवरची सारी काटकसर निष्पाप आहे. मी डोंगराची खिडकी घेतली नाही, पोहण्याचा तलाव घेतला नाही, यात कुणाच्या पोटावर पाय आला नाही. पण मोशीच्या गल्ल्याशी खोलीबरोबर आणखी एक वस्तू विकायला असते. ती म्हणजे डोंगर.

एका ठिकाणी खोली पसंत पडत आली होती. इतक्यात गल्ल्यावरचा तरुण म्हणाला, “साहेब, मुलीची चढाई आमच्याकडूनच घ्या. बाहेर सांगतात त्याच्या दोनतृतीयांशात करून देतो. वर खोली फुकट.” माझ्यातला काटकसरी माणूस एकदम ताठ बसला. पण आयुष्यभर हिशेब तपासण्याचे काम केलेल्या माणसाला फुकट या शब्दाची भीती वाटते. मी वही काढली. राष्ट्रीय उद्यानाची फी सरकारी. ती दिवसागणिक भरावी लागते आणि कुणाला सुटत नाही. वाहनाचे तेल बाजारभावाने. मग ही तिसऱ्या हिश्शाची सूट निघते कुठून? कमी करण्याजोग्या गोष्टी दोनच उरतात. एक, डोंगरावरचे दिवस. ते कमी केले की फी वाचते. पण विरळ हवेची सवय व्हायला शरीराला वेळ मिळत नाही आणि माणूस डोके धरून अर्ध्यावरून परततो. तिकडे उठता-बसता ‘पोले पोले’ म्हणतात, म्हणजे हळूहळू. ते शहाणपण उगाच नव्हे. आणि दुसरी गोष्ट, हमालांचे पोट.

एका चढणाऱ्यामागे साधारण तीन-चार हमाल असतात. तंबू, धान्य, भांडी, गॅस, सारे त्यांच्या डोक्यावर आणि पाठीवर. स्वाहिलीत ‘हमाली’ हा शब्द आहेच, पण डोंगरावरच्या या लोकांना ‘वागुमु’ म्हणतात, म्हणजे चिवट, कणखर माणसे. एकाने वीस किलोंहून अधिक वाहू नये असा उद्यानाचा नियम आहे आणि प्रवेशद्वाराशी वजनाचा काटा असतो. पण मजुरी किती दिली, दिवसातून किती वेळा जेवू घातले, रात्री पांघरायला काय दिले, हे त्या काट्यावर दिसत नाही. मोशीत २००३ पासून या हमालांसाठी काम करणारी किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था आहे. ती हमालांना उबदार कपडे फुकट वापरायला देते, आणि हमालांना नीट वागवणाऱ्या कंपन्या कोणत्या, तेही तिच्याकडे कळते. उबदार कपडे उसने द्यावे लागतात, यातच सारे आले. मी वही मिटली आणि त्या तरुणाचा निरोप घेतला.

त्यानंतर खोली पाहताना मी पाचवी एक गोष्ट पाहू लागलो : सकाळी हमाल कुठे बसतात?

प्रत्येक निवासाच्या दाराशी सकाळी गाड्या लागतात आणि हमाल सामान बांधायला जमतात. काही ठिकाणी ते फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे उकिडवे बसलेले दिसले. एका ठिकाणी मात्र अंगणात झाडाखाली लांब बाक होता, बाकावर हमाल बसले होते आणि प्रत्येकाच्या हातात चहाचा पेला होता. घराची मालकीण खांद्यावर कांगा टाकून किटली घेऊन फिरत होती. हीच ती मामा. खोली साधी होती. पलंग जुना, भिंतीचा रंग उडालेला, खिडकीतून दिसायची ती शेजाऱ्याची कोंबडी. पण जाळीला भोक नव्हते आणि तोटीतून वाफ येत होती.

“मामा, चहाचे पैसे कुणाकडून घेता?” मी विचारले.

ती हसली. म्हणाली, “बाबा, यातले दोघे माझ्या गावचे आहेत. तुमची मुलगी वर आजारी पडली तर तिला पाठीवर घेऊन हेच उतरणार. त्यांना उपाशी धाडू का?”

मी पुढे काही विचारले नाही. खोली घेतली. मुलीची चढाई संस्थेत चौकशी करून घेतली. सात दिवसांची, आणि त्या तरुणाच्या भावापेक्षा बरीच महाग. पैसे मोजताना हात जरा जड झाला, हे खरे.

मग माझा आठवडा सुरू झाला. रोज पहाटे मी गच्चीवर जाई. डोंगर दिसला तर त्या पांढऱ्या माथ्याखाली मुलगी नेमकी कुठे असेल याचा अंदाज करी, आणि ढग आले की खाली येऊन बाकावर बसे. जाणारे लोक आणि येणारे लोक यांच्यातला फरक तिथे रोज दिसे. जाणारे मोठ्याने बोलत, नव्या बुटांकडे पाहत. येणारे बोलत नसत. नाके सोललेली, ओठ फुटलेले, आणि डोळ्यांत एक निराळीच शांतता. हमाल मात्र दोन्ही वेळी सारखेच दिसत. त्यांचा तो रोजचा रस्ता.

सहाव्या रात्री, मुलगी शिखराची चढण चढत असणार तेव्हा, मला झोप आली नाही. शांत खोली म्हणून किती चौकशी केली होती. पण त्या शांततेचा मला त्या रात्री काही उपयोग झाला नाही. जाळीत पडून मी एकच विचार करीत होतो. या घटकेला तिच्या पुढे आणि मागे अंधारात कोण चालत असेल? ते पोटभर जेवले असतील का? त्यांच्या अंगावर पुरेसे कपडे असतील का? हा विचार धर्माचा नव्हता, निव्वळ स्वार्थाचा होता. पण त्या उंचीवर दोन्ही एकच होतात, हे मला त्या रात्री कळले.

सातव्या दिवशी दुपारी ती म्वेका दरवाजातून उतरून आली. तिने पाऊण तास गरम पाणी वापरले. मामाने एका शब्दाने तक्रार केली नाही. बाहेर बाकावर तिचे हमाल चहा पीत होते. त्यांतल्या एकाने हातवारे करून मला सांगितले की पोरगी वागुमु आहे. मी त्याला दुसरा पेला भरून दिला.

किलिमांजारोला जाण्याचा कुणाचा बेत असेल, तर त्याने खोलीत खुशाल काटकसर करावी. उडालेल्या रंगाने कुणी मरत नाही. पण वाचलेला पैसा घरी आणू नये. तो वर डोंगरावर धाडावा. आणि खोली पाहायला जायचे ते सकाळी लवकर जावे. त्या वेळी अंगणातला बाक दिसतो.