तापलेली मूठ

कांहीं वर्षांपूर्वीं नववींतील एका मुलानें रागाच्या भरांत सोबत्याचें डोकें फोडलें. मीं छडी उगारली. तो डगमगला नाहीं, ओशाळलों मीच.

ऑस्ट्रियांत ओबरहोलाब्रुन येथें १९१८ सालीं आउगुस्ट आइखहॉर्न यांनीं अशाच दांडगट मुलांशीं शिक्षेऐवजीं ममतेनें वागून त्यांचें मन जाणलें. रोममध्यें १९०७ पासून माँटेसोरीबाईंनीं बालकांस इंद्रियशिक्षण दिलें. मीं दोहोंची सांगड घातली. शाळा सुटल्यावर तो डोळे मिटून खरखरीत-गुळगुळीत लांकूड बोटांनीं पारखी. मग आमचें बोलणें होई.

एके दिवशीं तो म्हणाला, “सर, राग येण्याआधीं माझ्या मुठी तापतात.”

“तेव्हां मूठ उघडून माझ्याकडे ये.”

राग गेला नाहीं; मुलगा मात्र येऊं लागला. पालकहो, छडी उचलण्यापूर्वीं मुलाची मूठ कां तापते, तें विचारा.