खाड्यांचा हिशोब

मराठी घराच्या स्वयंपाकघरात भिंतीवर लटकणारं कॅलेंडर नुसतं तिथी-वार सांगत नाही. दूधवाला आला नाही, किंवा गावाला जायचं म्हणून त्याला ‘उद्या नको’ सांगितलं, की त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीची फुली पडते. कुठे गॅसचा सिलिंडर लावल्याची खूण असते, कुठे कामवाल्या मावशींच्या सुट्टीची. महिना संपला की घरातलं कुणीतरी चष्मा लावून फुल्या मोजतं, तेवढे लिटर वजा होतात आणि उरलेले पैसे चुकते होतात. या फुलीला मराठीत नेमका शब्द आहे. खाडा.

चार खाडे झाले म्हणून आजवर कोणत्याही घराने दूध बंद केलेलं नाही.

त्याच घरात टेबलाच्या खणात एक डायरी असते. बँकेने किंवा विमा एजंटाने डिसेंबरअखेर भेट दिलेली, रेक्झिनच्या वेष्टनातली. १ जानेवारीच्या पानावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं असतं: रोज पाऊण तास चालणे, महिन्याला दोन पुस्तके, साखर बंद, मोडी शिकणे. पहिले दहा-बारा दिवस पानं भरलेली. मग संक्रांतीला काटेरी हलवा घरात येतो आणि साखरेचा संकल्प मोडतो. त्याच्याबरोबर चालणंही का थांबावं, हे कोडंच आहे. मोडीचं पुस्तक तर दुकानातच राहिलेलं असतं. फेब्रुवारीच्या एका पानावर वाणसामानाची यादी, मार्चमध्ये कुण्या प्लंबरचा नंबर, पुढे कोरं. जूनमध्ये शाळेच्या फीची पावती शोधताना ही डायरी हाती लागते आणि माणूस ती पटकन मिटून पुन्हा खणात सरकवतो. खाड्यांकडे शांतपणे पाहणारं घर डायरीकडे मात्र गुन्हेगारासारखं पाहतं.

वर्षाचा मध्य तसा मोजता येतो. लीप वर्ष नसेल तर २ जुलै हा १८३वा दिवस. त्याच्या मागे १८२ दिवस, पुढे १८२ आणि त्या दिवशीची दुपारची बाराची वेळ म्हणजे वर्षाची ऐन मधली रेघ. अर्थात हे जानेवारीवाल्यांचं गणित. आपल्याकडे वर्षं सुरू व्हायला मुहूर्तांचा तोटा नाही. पाडव्याला शक बदलतो, १ एप्रिलला हिशेबाचं वर्ष, जूनमध्ये शाळेचं आणि दिवाळीत व्यापाऱ्याच्या वह्यांचं. जानेवारीत चुकलेल्याला गुढीपाडवा सांभाळून घेतो आणि तोही हुकला तर बलिप्रतिपदा आहेच. या सोयीचा फायदा घेण्यात आपण कधी मागे राहिलो नाही.

नवी सुरुवात माणसाला खरोखरच बळ देते, याचा पुरावाही आहे. हेंगचेन डाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रिस या संशोधकांचा २०१४ सालचा अभ्यास सांगतो की आठवडा, महिना किंवा सत्र नव्याने सुरू झालं की विद्यापीठाच्या व्यायामशाळेत जाणारे वाढतात. वाढदिवसानंतरही वाढतात. अपवाद एकच, एकविसाव्या वाढदिवसाचा. अमेरिकेत त्या दिवसापासून कायद्याने मद्य पिता येतं, एवढं सांगितलं की पुरे.

सुरुवातीनंतर काय होतं, हे स्क्रँटन विद्यापीठातले जॉन नॉरक्रॉस बरीच वर्षं तपासत राहिले. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी नववर्षाचा संकल्प केलेल्या २०० जणांचा दोन वर्षं माग ठेवला. पहिल्या आठवड्याअखेर ७७ टक्के टिकून होते, दोन वर्षांनी १९ टक्के. हा आकडा वाचून लोक निराश होतात आणि पुढचं वाचायचं सोडतात. गंमत पुढेच आहे. जे यशस्वी ठरले त्यांच्यातल्याही निम्म्याहून अधिक जणांचा संकल्प अधेमधे मोडला होता आणि दोन वर्षांत अशी घसरण सरासरी १४ वेळा झाली होती. चौदा खाडे! म्हणजे तडीला गेलेल्यांची डायरीही फुल्याफुल्यांचीच होती. त्यांनी ती मिटून खणात टाकली नाही, एवढाच फरक. २००२ साली याच संशोधकाने सहा महिन्यांनंतरची, म्हणजे आपल्या जुलैतली, स्थिती पाहिली. संकल्प केलेल्यांपैकी ४६ टक्के तोवर टिकले होते. बदल हवासा वाटत असूनही संकल्प न करणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होतं. जानेवारीच्या संकल्पांची टिंगल करणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत.

खाडे मांडण्याच्या कलेत बेंजामिन फ्रँकलिनला मात्र तोड नाही. अठराव्या शतकातल्या या मुद्रकाने तरुणपणी तेरा सद्गुणांची यादी केली आणि एक छोटी वही आखली. उभे सात रकाने वारांचे, आडवे तेरा गुणांचे. ज्या दिवशी जी चूक होईल त्या चौकटीत काळा ठिपका. एका आठवड्यात एकाच गुणावर मुख्य लक्ष, तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. जुलै लागताना दोन फेऱ्या पुऱ्या व्हायच्या. ठिपके खोडून वही पुन्हा वापरता वापरता कागदाला भोकं पडली, तेव्हा त्याने हस्तिदंती पानांची टिपणवही घेतली. रेघा लाल शाईच्या कायम, ठिपके शिसपेन्सिलीचे आणि ओल्या स्पंजने पुसता येणारे. आपल्यात एवढे दोष असतील असं वाटलं नव्हतं, पण ते कमी होताना पाहून बरं वाटलं, अशी कबुली त्याने आत्मचरित्रात दिली आहे. वस्तू जागच्या जागी ठेवणं त्याला अखेरपर्यंत जमलं नाही. पुढे वर्षाला एकच फेरी, मग काही वर्षांतून एक आणि प्रवासाच्या धबडग्यात तीही सुटली. वही तेवढी तो जवळ बाळगत राहिला.

आपल्या आज्या-पणज्यांनी हेच काम हस्तिदंताशिवाय केलं आणि वर्षाच्या मधोमधच केलं. आषाढी एकादशी जूनअखेर किंवा जुलैत येते. तिच्या दोन दिवस आधी कांदेनवमीला कांद्याची भजी आणि भरली वांगी मनसोक्त खायची आणि मग चार महिने नेम. कुणी कांदा-लसूण सोडी, कुणी जेवताना बोलणं. कुणी एकभुक्त राही, तर कुणी लाख वातींचा नेम धरी. या शेवटच्या नेमाचं गणित करून पाहावं. चार महिन्यांत लाख वाती वळायच्या तर दिवसाला सव्वाआठशेहून जास्त होतात. एखाद्या दिवशी पाहुणे आले, हात रिकामा झाला नाही, तर राहिलेल्या वाती दुसऱ्या दुपारी कापसाचं टोपलं पुढ्यात ओढून पुऱ्या करायच्या. नेमाला ठरलेला शेवट होता, कार्तिकात उद्यापन होतं आणि त्यानंतर वांग्याची भाजी अपराधी न वाटता खाता येत होती. ‘आयुष्यभर वांगं वर्ज्य’ असा नेम सहसा कुणी धरत नसे. जानेवारीच्या डायरीत मात्र प्रत्येक ओळ अशी लिहिलेली असते, जणू तिला उद्यापन नाहीच.

दुधाचा आणखी एक व्यवहार इथे उपयोगी आहे. खाडे फार व्हायला लागले किंवा पातेल्यात रोज दूध उरायला लागलं, की घरातली बाई दूधवाल्याला बोलावून रतीब बदलते. लिटरचा अर्धा लिटर करते, सकाळचा संध्याकाळी घेते. यात तिला पराभव वगैरे काही वाटत नाही. जुलैतला संकल्पांचा आढावा म्हणजे तरी दुसरं काय? वर्षाला चोवीस पुस्तकं ठरवली आणि सात झाली, तर उरलेल्या सहा महिन्यांत सतरा वाचण्याची शपथ घेणं म्हणजे नासलेल्या दुधाची सोय. महिन्याला एक असा रतीब करावा. पहाटेचं चालणं पावसात बुडतंय, तर ते संध्याकाळी इमारतीच्या जिन्यात न्यावं. आणि मोडी शिकायची खरोखर इच्छा नसेल, शेजाऱ्याने सुरू केलं म्हणून लिहिलं असेल, तर ती ओळ सरळ खोडावी. नको असलेलं दूध कुणी शेजाऱ्यासाठी घेत नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना रोज करायची एकेक गोष्ट निवडायला सांगितली. जेवणाबरोबर फळ खाणं, पाणी पिणं, संध्याकाळच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं धावणं, अशी साधी कामं. ती आपोआप घडू लागायला सर्वसाधारणपणे ६६ दिवस लागले. कुणाला अवघे १८, तर कुणाला २५४ लागतील असं गणित निघालं. अभ्यास ८४ दिवसांचाच असल्यामुळे हा आकडा पुढे ताणून काढलेला आहे. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे एका खाड्याने काही बिघडत नाही, हे दूधवाल्याला ठाऊक असलेलं सत्य २०१० साली शोधनिबंधातही छापून आलं.

२ जुलैला सुरुवात केली तर सहासष्टावा दिवस ५ सप्टेंबरला येतो. दोनशे चौपन्नावा पुढच्या वर्षी १२ मार्चच्या सुमारास. तोवर भिंतीवर नवं कॅलेंडर लागलेलं असेल आणि त्याच्या जानेवारीच्या पानावर दोन-तीन फुल्याही पडलेल्या असतील.