मेहकरच्या वाटा आणि आमच्या फटफट्या

प्रवासवर्णन म्हटले की वाचकांस काशी, रामेश्वर किंवा निदान महाबळेश्वर तरी अपेक्षित असते. आमचा बहुतेक सारा प्रवास मेहकरपासून तीस-चाळीस किलोमीटरांच्या घेरात झाला, आणि तोही दुचाकीवरून. तेव्हा प्रस्तुत लेख त्या सदरात बसतो की नाही, हे संपादकांनीच ठरवावे. मात्र एकाच वाटेने चार दशकांहून अधिक काळ जाणाऱ्यास ती वाट प्रत्येक वाहनावरून निराळी दिसते, एवढे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो.

मेहकर हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. पैनगंगेच्या काठी, टेकडीच्या उतारावर वसलेले. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे हे मुख्य ठाणे होते. आज त्या वैभवाची आठवण देणारे पडके अवशेष तेवढे उरले आहेत. मेघंकर नामक दैत्याचा वध विष्णूने शारंगधर रूपाने येथे केला, त्यावरून गावास हे नाव पडले, अशी परंपरागत कथा आहे. शारंगधर बालाजीची भव्य पाषाणमूर्ती १८८८ साली येथे भूमीत सापडली आणि तेव्हापासून गावाचा सारा दिनक्रम त्या मंदिराच्या घंटेवर चालतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मंदिरापासून हाकेच्या अंतरावर आमचा वाडा. लोहमार्ग मेहकरास आजही नाही. त्यामुळे ज्यास कोठे जावयाचे असेल त्याने मोटारीची वाट पाहावी, नाही तर स्वतःचे चाक बाळगावे.

आम्ही पहिले चाक घेतले ते १९८१ साली, शिक्षकाची नोकरी लागल्यावर. डोणगावच्या बाजूच्या एका खेड्यात शाळा होती आणि सायकलने रोज जाणे-येणे प्रकृतीस झेपेना, म्हणून लूना घेतली. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने १९७२ साली काढलेले हे पन्नास घनसेंटिमीटर शक्तीचे वाहन म्हणजे सायकल आणि फटफटी यांचे अपत्य होय. पायडलेही होती आणि यंत्रही होते. नावाचा अर्थ परभाषेत 'चंद्र' असा आहे. तथापि संस्कृतात 'लू' धातूचे कर्मणी भूतकालवाचक रूप 'लून', म्हणजे छाटलेले. आमच्या तीर्थरूपांनी गाडी पाहताच एवढेच म्हटले, "नाव यथार्थ आहे. मोटारसायकल छाटूनच केलेली दिसते."

लूनेवरून रस्ता सर्वांत अधिक दिसला, ही गोष्ट आज विलक्षण वाटते. वेग इतका बेताचा की बांधावरच्या माणसाशी दोन वाक्ये बोलता येत. त्या काळी रस्त्याच्या दोहों अंगांस कापूस आणि ज्वारी असे. मार्गशीर्ष-पौषात कोठे हुरडा भाजला जात आहे हे नाकास अर्धा कोस आधी कळे. आता तेथे सोयाबीन दिसते, आणि सोयाबीनला हुरडा नाही. नदीवरून गावाकडे येणारा चढ लागला की आम्ही यंत्रास पायांची मदत करीत असू. आमच्या मातुःश्री नऊवारीचा कासोटा आवळून मागे दोहों बाजूंस पाय टाकून बसत. गल्लीतील काही वृद्धांना ते प्रशस्त वाटले नाही. परंतु पुढे जे घडले त्यावरून पाहता वाड्यातील सर्व स्त्रियांत मागे बसण्याची शास्त्रशुद्ध रीत एकट्या त्यांनाच ठाऊक होती.

१९८७ साली आम्ही राजदूत घेतली. जुनी, एका दूधवाल्याकडून. पोलंड देशातील आराखड्यावरून एस्कॉर्ट्स कंपनीने आपल्याकडे बांधलेली ही १७५ घनसेंटिमीटरची गाडी त्या काळी खेड्यापाड्यांतून दूध वाहणाऱ्यांची फार आवडती होती. लूना ओसरीवर उचलून ठेवता येत असे. हिच्यासाठी दिंडी दरवाजाच्या उंबऱ्याला फळी लावावी लागली, आणि संध्याकाळी ती फळी धरण्यास घरातील दोन मुले ठरलेली असत. पेट्रोलात ठराविक मापाने तेल मिसळावे लागे. हे माप चुकले की गाडी धूर सोडून आपला निषेध प्रकट करी. वर्गात आम्ही मेघदूताविषयी बोलत असू आणि शाळेत राजदूतावर बसून येत असू. तेव्हा मुलांनी आम्हांस कोणते नाव ठेवले असेल, हे सांगावयास नको. फटफटी हा शब्दही मराठीने किती नेमका घडवला आहे! ध्वनीचे अनुकरण करणारे असे शब्द आमच्या पंडितमंडळींस ग्राम्य वाटतात. परंतु राजदूत वळणावर आली की वाड्यात चुलीवर चहाचे आधण चढे, ते त्या ध्वनीमुळेच. 'स्वयंचलित द्विचक्री' म्हणून चहा मिळाला नसता.

तीर्थरूपांनी या गाडीवर बसावयाचे नाही असे ठरविले होते. बैठक चामड्याची असावी, असा त्यांचा संशय होता. रेक्झीन हे चर्म नव्हे, तो कापडावर चढविलेला लेप आहे, हे आम्ही परोपरीने सांगितले. त्यांनी नखाने उकरून पाहिले व "संशय फिटत नाही" असा निर्णय दिला. परंतु १९८८ च्या उन्हाळ्याच्या सुटीत ते आपण होऊन म्हणाले, "लोणारास दैत्यसूदनाला किरणे पडण्याचे दिवस आले. एकदा पाहिले पाहिजे." मे महिन्याच्या मध्यास काही दिवस लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात सूर्यकिरण गाभाऱ्यातील मूर्तीवर येतात, ही गोष्ट आमच्या भागात सर्वश्रुत आहे. मोटारीने जावे तर सुलतानपुरास उतरून दुसरी गाडी मिळेलच असे नाही, आणि त्यांचे वय सत्तरीच्या पुढे. अखेर त्यांनीच तोड काढली. बैठकीवर धाबळीची घडी घातली, त्यावर ते बसले, आणि आमच्या खांद्यावर हात न ठेवता मागची लोखंडी मूठ धरून, ओठांत विष्णुसहस्रनाम म्हणत, सुमारे पंचवीस किलोमीटर आले.

गाभाऱ्यातील तो प्रकाश काही क्षणच टिकला. तीर्थरूप त्याविषयी काही बोलले नाहीत. नंतर आम्ही सरोवराच्या काठावर उभे राहिलो. सुमारे अठराशे मीटर व्यासाचे ते विवर, तळाशी हिरवट खारे पाणी. अशनीच्या आघाताने काळ्या पाषाणात हे पडले, असे शास्त्रज्ञ सांगतात. लवणासुराचा वध होऊन पडले, असे पुराण सांगते. आम्ही दोन्ही मते त्यांच्यापुढे मांडली. ते म्हणाले, "वरून काहीतरी येऊन पडले, याविषयी दोघांचे एकमत आहे ना? मग भांडता कशाला?" याच सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले आणि त्याच वर्षी त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, तेव्हा आम्हांस त्यांच्या या वाक्याची फार आठवण झाली. परततेवेळी गाडी मध्येच बंद पडली. पेट्रोलची तोटी राखीव साठ्यावर फिरवावयाचे आम्ही विसरलो होतो. दहा मिनिटे आम्ही घाम गाळला. तीर्थरूप बाभळीच्या सावलीत धाबळी पसरून शांतपणे बसले. त्यानंतर ते पुन्हा कधी फटफटीवर बसले नाहीत. दीड वर्षाने ते गेले.

आता ज्यासाठी लेखणी हाती घेतली, त्या विषयाकडे येतो.

दूधवाल्याने किटल्या लटकविण्याच्या सोयीसाठी मागील चाकावरची लोखंडी जाळी काढून टाकली होती. स्त्रियांचा पदर आऱ्यांत जाऊ नये म्हणून ती असते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी तर मागील चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे असे साधन, धरावयाची मूठ आणि पाय ठेवावयाची सोय, ही तिन्ही आवश्यक ठरविली. आमच्या मिस्त्रीने एकदा नव्हे, दोनदा सांगितले, "गुरुजी, जाळी बसवून घ्या. घरची माणसं मागं बसतात." खर्च किरकोळ होता. आम्ही दोन्ही वेळा "पुढच्या पगाराला पाहू" असे म्हटले.

१९९१ च्या वैशाखात डोणगावच्या बाजूस एका आप्तांकडे मुंज होती. परत येताना आमचे कुटुंब मागे, नव्या पद्धतीने एका बाजूस पाय सोडून, बसले होते. अंगावर त्याच दिवशी आहेरात आलेली साडी. वारा बराच होता. मोरीच्या कामामुळे रस्ता उखडलेला असल्याने वेग अगदी कमी होता, हे आमचे भाग्य. पदर आऱ्यांत गेला. तो सोडविण्यास तिने डावा हात खाली घातला, आणि तो हातही सापडला. गाडी आडवी झाली. शेजारच्या शेतातील एका गृहस्थाने विळ्याने पदर कापून हात मोकळा केला. दोन बोटे वाचली, परंतु ती आजतागायत मिटत नाहीत. पूर्वी शेवया आणि सरगुंडे यांसाठी वाड्याबाहेरून तिला बोलावणे येत असे. त्या उन्हाळ्यानंतर ते आले नाही.

घरी पोहोचल्यावर मातुःश्रींनी, चुलत्यांनी, वडील बंधूंनी विचारपूस केली. आम्ही तोंड उघडण्यापूर्वी तीच म्हणाली, "माझाच पदर खोचलेला नव्हता." चुलती म्हणाली, आजकालच्या मुलींना भानच नसते. मातुःश्रींनी नऊवारीचे गुण सांगितले. आणि आम्ही उंबऱ्याजवळ, हातात ती फळी धरून, गप्प राहिलो. पुढेही राहिलो. ज्या मास्तराने जन्मभर मुलांकडून 'सत्यं वद' घोकून घेतले, त्याच्याविषयी ही गोष्ट आहे.

त्याच आठवड्यात राजदूत मिळेल त्या किमतीस विकली. विकण्यापूर्वी तीस जाळी मात्र बसविली. १९९२ साली भविष्य निर्वाह निधीतून कर्ज काढून हिरो होंडाची सीडी १०० घेतली. पेट्रोलात तेल मिसळण्याची कटकट नसलेली, चार फेऱ्यांच्या यंत्राची ही गाडी १९८५ पासून निघत असे. तिच्या तेलबचतीची ख्याती सर्वत्र होती. परंतु दुकानात आम्ही पहिला प्रश्न जाळीचा विचारला, तेव्हा विक्रेता काहीसा बुचकळ्यात पडला. गाडी मृदू आवाजाची असूनही मातुःश्री अखेरपर्यंत तिला फटफटीच म्हणत. ती दोन कंपन्यांची भागीदारी मोडून २०११ पासून हिरो मोटोकॉर्प हे नाव आले. आमच्या टाकीवर अजून दोन्ही नावे एकत्र आहेत. आमच्या कन्येची बारावीची परीक्षा, वडील बंधूंचे अखेरचे आजारपण, सिंदखेड राजास जिजाऊंच्या जन्मस्थानी नेलेले पाहुणे, हे सारे तिने वाहिले. तिच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. जी गाडी बंद पडत नाही तिच्या गोष्टीही होत नाहीत.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. तो मेहकरजवळून जातो. त्या आठवड्यात आम्ही कौतुकाने सीडी १०० घेऊन पाहावयास गेलो, तर दुचाकीस प्रवेश नाही असे कळले. नियम योग्यच आहे. ताशी एकशेवीसच्या वेगात आमच्यासारख्याचे काय काम? पुढे चिरंजीवांनी मोटारीतून त्या रस्त्याने शिर्डीस नेले. कुटुंबाने मध्येच विचारले, "सुलतानपूर आले का?" चिरंजीव म्हणाले, "आई, ते केव्हाच मागे पडले." तिने काचेतून बराच वेळ बाहेर पाहिले. हुरडा, माणसे, मोरी, काही नव्हते.

चिरंजीवांनी आता विजेवर चालणारी चेतक घेतली आहे. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव, आणि टापांचा आवाज मात्र नाही! आम्ही तीवरून घरी येतो तेव्हा कोणास कळत नाही आणि चहास विलंब होतो. सीडी १०० देवडीत उभी असते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते. तीन-चार वेळा ती केली, आताची मुदत २०२७ सालापर्यंत आहे. आमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला असल्याने गाडी त्यापूर्वीच काढून टाकावी, असे चिरंजीवांचे म्हणणे असून ते आम्हांस अमान्य नाही.

हा लेख पाठविण्यापूर्वी आम्ही तो कुटुंबास वाचावयास दिला. जी गोष्ट तीस वर्षांहून अधिक काळ बोललो नाही ती तिने छापील अंकात प्रथम वाचावी, हे बरे दिसले नसते. तिने चष्मा लावून सावकाश वाचला. मिस्त्रीचा मजकूर आला तेथे थांबून म्हणाली, "दोनदा नव्हे, तीनदा सांगितले होते त्याने. त्याची बायको माझ्याकडे हळदीकुंकवाला येत असे. मला त्याच वर्षी कळले."

आम्ही विचारले, मग बोलली का नाहीस?

"फळी धरून उभे होता तुम्ही," ती म्हणाली. "तोंड पाहवत नव्हते." मग कागद परत करीत तिने विचारले की मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केव्हा आहे, आणि मे महिन्यात ऊन चढण्यापूर्वी जुन्या रस्त्याने लोणारला जाऊन येणे होईल का.