बर्फाची पिंड, बिनशिखराचं देऊळ

जूनच्या सुरुवातीला उल्हासनगरच्या आमच्या कॅम्प चारमध्ये पहाटे चालणाऱ्यांच्या दोन जाती दिसतात. एक डॉक्टरांनी चालायला लावलेली आणि दुसरी अमरनाथला निघालेली. दुसरी बुटांवरून ओळखू येते. वर डोंगरात चावू नयेत म्हणून नवे कोरे बूट इथेच पायात घालून मळवायचे आणि व्हीनस चौकाला फेऱ्या मारायच्या. जोडीला आरोग्य प्रमाणपत्राची धावपळ. तेराच्या आतल्या आणि सत्तरीच्या पुढच्या माणसाला यात्रेची परवानगी मिळत नाही, त्यामुळे आधार कार्डावरची जन्मतारीख चुकलीय असं काही काकांना याच महिन्यात आठवतं.

आमच्या गल्लीतून जाणाऱ्यांत मराठी असतात तसे सिंधीही. शेजारच्या दादी आता जात नाहीत, पण निघणाऱ्याच्या हातात मिश्री आणि अकरा रुपये ठेवल्याशिवाय त्याला सोडत नाहीत. त्यांच्या सासरची माणसं कराचीची. तिथून वाळवंट तुडवत ती हिंगलाजला जायची. हिंगोल नदीच्या काठी, मकरानच्या डोंगरात, गुहेतली देवी. फाळणी झाली आणि ती वाट मागे राहिली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत निर्वासितांना बॅरेक मिळाल्या, ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते पायाभरणी होऊन छावणीचं उल्हासनगर झालं, पण देवीला काही इकडे बॅरेक मिळाली नाही. दादी म्हणतात, “हिंगलाज छूटी, तो बेटों ने अमरनाथ पकड़ लिया.” त्यात तक्रारीचा सूर नसतो. दुकान एका बाजारातून दुसऱ्या बाजारात हलवल्यासारखं त्या सांगतात.

अमरनाथची कथा मला आवडते ती तिच्यातल्या सोडण्यामुळे. पार्वतीला अमरत्वाचं रहस्य सांगायला शंकर निघाले आणि वाटेत एकेक गोष्ट उतरवत गेले. पहलगामला नंदी, चंदनवाडीला कपाळावरचा चंद्र, शेषनागला गळ्यातले साप, महागुणसला गणपती आणि पंचतरणीला पंचमहाभूतं. आपण माणसं मात्र त्याच वाटेने थर्मास, पॉवर बँक, खाकरे आणि तीन-तीन स्वेटर घेऊन चढतो. पिस्सू टॉपच्या चढावर घोड्यांच्या लिदीचा चिखल घोट्यापर्यंत येतो, बोलायला दम उरत नाही, आणि मग पाठीवरच्या पिशवीतली एकेक वस्तू नको वाटायला लागते. लंगरवाले मात्र हाक मारून, जवळजवळ हाताला धरून राजमा-चावल वाढतात. तिथे सगळ्यांना एकच नाव असतं, ‘भोले’. ठाण्याचा बँक मॅनेजरही भोले आणि त्याला खांद्यावर वाहून नेणारे पालखीवालेही त्याच्या तोंडी भोले. पालखीवाले बहुतेक काश्मिरी मुसलमान. गुहा पुन्हा सापडली ती बुटा मलिक नावाच्या मेंढपाळाला, असं तिथली परंपराच सांगते.

३,८८८ मीटरवरची ती गुहा म्हणजे डोंगराने पसरलेला प्रचंड जबडा आहे. आत लोखंडी जाळी, जाळीपलीकडे बर्फाची पिंड. छताच्या भेगांतून पाणी ठिबकतं, खाली गोठतं, थरावर थर चढत जातो. दर्शन काही क्षणांचं, कारण मागून “चलो भोले, चलो” सुरूच असतं. आम्ही पोचलो तेव्हा पिंड जेमतेम गुडघाभर उरली होती. बरोबरच्या एका वहिनींना वाईट वाटलं, एवढं चढून आलो आणि देव अर्धा वितळलेला. मला मात्र तेच बघण्यासारखं वाटलं. काही वर्षी यात्रा संपायच्या कितीतरी आधी ती नाहीशी होते. २०२४ मध्ये तर जुलैच्या पहिल्या आठवड्यातच विरघळली. तरी लोक श्रावणी पौर्णिमेपर्यंत येत राहतात, रिकाम्या जागेला हात जोडतात. पुढच्या हिवाळ्यात पाणी पुन्हा ठिबकणार, एवढ्यावर सगळा भरवसा.

डोंगर काही दयाळू नाही. ऑगस्ट १९९६ मध्ये हिमवादळात दोनशेहून अधिक यात्रेकरू गेले. जुलै २०२२ मध्ये गुहेजवळच पाण्याचा लोंढा तंबू घेऊन गेला. आणि २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळ बैसरनमध्ये दहशतवादी हल्ल्यात जे २६ जण मारले गेले, त्यांत तिघे डोंबिवलीचे होते. डोंबिवली म्हणजे आमच्या विठ्ठलवाडीपासून तिसरं स्टेशन. त्या दिवसांत लोकलच्या डब्यात पत्त्यांचे डाव बसले नाहीत. तरी ३ जुलैला यात्रा सुरू झाली आणि आमच्या गल्लीतले बूट मळवलेले लोक निघाले. त्यांना शूर म्हणावं की हट्टी, मला ठरवता येत नाही. घरच्यांनी अडवलं होतं, हे मात्र खरं.

परतीच्या वाटेवर मट्टन लागतं. पवित्र छडी श्रीनगरहून गुहेकडे जाते तेव्हा इथे थांबते, पूजा होते. आमच्यासारख्यांच्या गाड्या सहसा थांबत नाहीत. गावात झरा आहे, कुंडात मासे आहेत, आणि वरच्या पठारावर मार्तंडाचं सूर्यमंदिर, म्हणजे त्याचं जे उरलंय ते. आमचा ड्रायव्हर म्हणाला, “साहब, ‘हैदर’ का गाना यहीं का है.” म्हणून गाडीतल्या पोरांनी आग्रह धरला, आणि सिनेमाच्या पुण्याईने मला सूर्यमंदिर दिसलं.

आठव्या शतकात ललितादित्य मुक्तापीडाने ते बांधलं. मधोमध मुख्य देऊळ, भोवती चौऱ्याऐंशी खांबांची ओवरी आणि खाली सगळं खोरं उघडं. जागा निवडणाऱ्याला उजेड कळत होता यात शंका नाही. पुढे सुलतान सिकंदराच्या काळात ते फोडलं गेलं असं इतिहास सांगतो, आणि उरलेलं काम भूकंपांनी केलं. छप्पर नाही, मूर्ती नाही, भिंतींवरच्या देवांचे चेहरे झिजून गेलेले. मार्तंड म्हटलं की आपल्याला जेजुरी आठवते, त्यामुळे मी सवयीने पायरीवर भंडारा शोधत होतो. गवत होतं, आणि पोरांचं रील चाललं होतं.

कायम टिकावं म्हणून राजाने उभारलेलं देऊळ असं, आणि दरवर्षी वितळणारी पिंड तशी. वितळणाऱ्याला फोडणार कोण? जिथे राजाचं नाव कोरलेलं नाही, जिथे खांब नाही, तिथे उद्ध्वस्त करण्यासारखं काही नसतं. सूर्याच्या बाबतीतही हे खरं असावं. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या कनकादित्याची आख्यायिका अशी की मूर्ती प्रभासपट्टणहून गलबतातून आली, गलबत पुढे सरकेना, म्हणून ती किनाऱ्यावरच्या एका गुहेत ठेवली गेली, आणि कनका नावाच्या गणिकेने तिथून ती गावात आणली. त्या जागेला आजही देवघळी म्हणतात. शिलाहार भोजाचा ताम्रपट तिथे आहे, रथसप्तमीला उत्सव होतो. गुहेत दडलेला सूर्य वाचला, पठारावर तळपणारा गेला.

पण हे सूत्र फार ताणण्यात अर्थ नाही, कारण आमच्या दारातलं अंबरनाथचं शिवमंदिर त्यात बसत नाही. ते राजांचंच, काळ्या पाषाणाचं, शके ९८२ चा म्हणजे १०६० चा शिलालेख मिरवणारं. शिलाहार मुम्मुणीच्या काळातलं. लोक मात्र पांडवांनी एका रात्रीत बांधलं असंच सांगतात. सभामंडप ओलांडला की गाभारा समोर नाही, खाली आहे. अंधुक, ओलसर पायऱ्या उतरत जायचं, हात भिंतीला लावून, पुढच्या बाईचा पदर आपल्या पायाखाली येणार नाही ना हे बघत. खाली पोचून मान वर केली की शिखराच्या जागी आभाळ. शिखर पडलं की पुरं झालंच नाही, यावर इथले म्हातारे कधीही वाद घालायला तयार असतात. हजार वर्षं होत आली तरी अभिषेक रोज चालतो. महाशिवरात्रीला रांग मध्यरात्रीपासून लागते आणि आमच्या कॅम्पातून रिक्षा मिळत नाही.

अमरनाथहून आलेला माणूस पहिल्या सोमवारी इथे येतो. पंचतरणीचं पाणी प्लास्टिकच्या बाटलीत जपून आणलेलं असतं, विमानात सामानात टाकायचं की नाही यावर घरात भांडण झालेलं असतं. ते पिंडीवर वाहायचं. मीही वाहिलं. देवळाला लागून वालधुनी वाहते. पुढे ती आमच्या उल्हासनगरातूनच जाते, आणि कुठल्या दिवशी तिचा रंग कुठला असेल हे तिच्यात काय सोडलंय त्यावर ठरतं. २०१४ च्या नोव्हेंबर अखेरीला कुणीतरी टँकरभर रसायन तिच्यात ओतलं आणि शेकडो लोक गुदमरून रुग्णालयात गेले. बाटली रिकामी झाल्यावर एका भाविकाने ती पुलावरून खाली भिरकावली. मी त्याला हटकलं, तर तो म्हणाला, “भाऊ, ही काय नदी आहे का?” आणि बायकोने मला बाहीला धरून रिक्षाकडे ओढलं, कारण रिक्षावाला कॅम्प चारचे ऐंशी मागत होता आणि तिचं म्हणणं साठच्या वर एक रुपया द्यायचा नाही.